चार नकारांचं पत्र

पत्रात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. पाकीट फोडून कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि खिळेमामांना पहिल्या नजरेत तेवढं कळलं. स्वल्पविराम जागच्या जागी होते, दोन शब्दांमधली अंतरं सारखी होती, तारखेचे आकडे ओळीत बसलेले होते. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या इंग्रजी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे आरशात दिसावी तशी उलटी इंग्रजीही ते सरसर वाचत. गल्लीतली जुनी माणसं त्यांना म्हणूनच खिळेमामा म्हणायची. नव्याने राहायला आलेल्यांना हे ठाऊक नसे. ते डुगडुगत्या खुर्च्या घेऊन दारात उभे राहत, आणि मामाही काही न बोलता हातोडी शोधायला लागत.

पत्र इस्पितळाचं होतं, मामींच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं. मामी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करत. नवीन कपडे नाही शिवायच्या. सैल कपडे घट्ट करणं, घट्ट सैल करणं, वाढत्या पोरांच्या विजारी लांब करणं, असली कामं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा तर पार दुधाळला होता. ऑपरेशनच्या यादीत नाव लागून आठ महिने झाले होते. रोज सकाळी मामा दहा सुया ओवून मशीनशेजारच्या उशीला टोचून ठेवत, पाच काळ्या दोऱ्याच्या, पाच पांढऱ्या. तरी गेल्याच महिन्यात एका काळ्या विजारीला मामींनी मशीनवर निळ्या दोऱ्याने शिवण घातली होती. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नव्हतं. मामींच्या आलं, बोटांना कळलं की कसं कोण जाणे, आणि त्यांनी ती विजार परत मागवून सगळी उसवली.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर हे पत्र आलं. मामींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "वाचा."

मामांनी वाचलं. वाचणं त्यांना छान जमायचं. छापखान्यात मुद्रितं तपासताना एक जण मोठ्याने वाची आणि दुसरा ताडून पाही, त्यामुळे उच्चार कानात पक्के बसले होते. ऑपरेशन कुठल्या खोलीत, सोबत एक माणूस हवं, सकाळी सहानंतर पोटात काही नको, हे सगळं आलं, आणि ते त्यांना समजलंही, कारण असल्या पत्रांतले शब्द ठरलेले असतात. शिवाय दोन सूचना ठळक टाइपात होत्या. बोलावूनही जो येणार नाही त्याचं नाव यादीच्या तळाला जाईल. न बोलावता येऊन जो गर्दी करील त्याचंही तळाला जाईल. म्हणजे दोन्हीकडून पुन्हा आठ महिने.

आणि या दोन सूचनांच्या वर, एकटं, एका ओळीत, ते वाक्य होतं:

'प्लीज डू नॉट अटेंड ऑन फ्रायडे अनलेस यू हॅव नॉट बीन टोल्ड नॉट टू.'

मामांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

"म्हणजे उद्या जायचं का?" मामींनी विचारलं.

मामा म्हणाले की जरा बारकाईने पाहावं लागेल, आणि चष्मा पुसायला आत गेले.

आधी लेकीला फोन झाला. ती दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिचं दिवसभराचं काम इंग्रजीतच चाले. मामांनी वाक्य वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, नका जाऊ. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला, बाबा, थांबा, बहुतेक जायचंय. मग तिने त्यांना वाक्य पुन्हा वाचायला लावलं, कागदावर उतरवून घेतलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं, आणि दोघींचं भांडण झालं. शेवटी मीच इस्पितळाला फोन लावते म्हणाली. तासाभराने तिने कळवलं की तिथे एक ध्वनिमुद्रित बाई बोलते, तुम्ही रांगेत एकोणिसावे आहात म्हणते, आणि मग लाइन तुटते. चार वेळा लावला, चारही वेळा ती एकोणिसावीच होती.

चार वाजता मामींचा धाकटा भाऊ आला. तो विमा कचेरीतून निवृत्त झालेला. जन्मभर साहेबांची पत्रं टंकलेली, त्यामुळे इंग्रजी पत्रांच्या बाबतीत आपल्याला विचारूनच पुढे जावं असं त्याला वाटे. त्याने कागद हातभर लांब धरून वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"भावोजी, यात बघण्यासारखं काय आहे? सुरुवातच 'डू नॉट'नं आहे. कचेरीच्या पत्रात पहिले दोन-चार शब्द तेवढे खरे. बाकीची नुसती शोभा."

मामा म्हणाले की एवढी लांब शोभा कोण कशाला छापेल. त्यावर मेहुण्याने त्यांना तीन साहेबांच्या गोष्टी सांगितल्या, ज्यांची वाक्यं याहून लांब होती. ताईला उपाशीपोटी दोन बस बदलून न्यायचं आणि वर यादीतलं नावही घालवायचं, एवढं धाडस आपण तरी करणार नाही, असं म्हणून, चहा पिऊन तो गेला.

खोलीत दोघंच राहिली. मामींनी मशीनवर कापड नुसतं ठेवलं होतं, चालवत नव्हत्या. मामा कापडं बेतायच्या मोठ्या टेबलाशी बसले आणि पत्र पुढ्यात ओढलं. छत्तीस वर्षं लोकांनी आणलेला मजकूर त्यांनी असाच पुढ्यात ओढला होता. कायद्याची पुस्तकं, औषधांच्या याद्या, एकदा तर तारायंत्रावरचा सातशे पानांचा ग्रंथ. प्रत्येक अक्षर ओळखीचं, प्रत्येक शब्दाची घडण पाठ. एखाद्या शब्दात 'आय' आणि 'ई' यांची अदलाबदल झाली तर ती त्यांना खड्यासारखी टोचायची. पण ते शब्द एकत्र येऊन काय बोलतात, ते त्यांना कधी कळलं नव्हतं. आणि गल्लीत, नात्यात, छापखान्यातसुद्धा, सगळे धरून चालले होते की एवढं इंग्रजी छापणाऱ्याला इंग्रजी येत असणारच. त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, ही एक तेवढी राहून गेली होती.

"ऐक," ते म्हणाले. "हे मला कळत नाहीये."

"ते कुणालाच कळत नाहीये."

"तसं नाही. मला इंग्रजीच येत नाही. मी नुसता जुळवायचो. अर्थ कधी कळलाच नाही."

मामी हाताने चाचपून एक सुटा दोरा शोधत होत्या. तो त्यांनी कात्रीने कापला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

मामांनी मान वर केली. "कधीपासून?"

"पोरगी पाचवीत होती तेव्हापासून. ती पुस्तक घेऊन तुमच्याकडे आली, याचा अर्थ काय म्हणाली, की तुम्हाला दूध आणायला जायचं असायचं. एका आठवड्यात पाचदा दूध आणलंत. मी त्याचं दही लावून लावून कंटाळले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही जुळवलेली पुस्तकं लोक वाचत होते ना? मी विजार शिवते, ती घालून तो माणूस कुठे जातो ते मला कुठे माहीत असतं?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मामांनी एवढी एकच गोष्ट लपवली होती, आणि ती लपलेलीच नव्हती. त्यांना लाज वाटेल असं वाटलं होतं. तशी ती वाटलीही, पण एखाद्याने पाठीवरचं ओझं काढून घेतल्यावर खांदे जरा वेळ दुखत राहतात, तेवढीच.

मग ते उठले आणि माळ्यावरच्या पेटीतून लेकीचा शाळेतला शब्दकोश काढून आणला. मामी म्हणाल्या, एकेक शब्द सांगा, घाई नाही. त्यांनी एकेक शब्द काढला. सगळ्यात जास्त वेळ 'अनलेस'ने घेतला. शब्दकोशात त्याच्यापुढे 'खेरीज' असं होतं, आणि 'नसेल तर' असंही. शेवटी मामांनी कागदावर मराठीत उतरवलं आणि वाचून दाखवलं: कृपया शुक्रवारी येऊ नका, खेरीज, तुम्हाला सांगितलेलं नसेल, की येऊ नका.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मामींनी शेजारच्या ढिगातून एक सदरा ओढला आणि त्याची बाही हातात घेतली.

"यात नाही किती वेळा आलंय?"

मामांनी बोट ठेवून मोजलं. येऊ नका, हा पहिला. खेरीज, हा म्हणजे त्याला उलटवणारा, दुसरा. सांगितलेलं नसेल, तिसरा. शेवटचा येऊ नका, चौथा.

मामींनी बाही उलटी केली. मग सुलटी केली. पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. आणि ती हातावर चढवून त्यांच्यापुढे धरली.

"सुलटी आली," त्या म्हणाल्या. "जायचं."

"एवढ्यावर कसं जाणार? तुझा भाऊ म्हणतो तेही खोटं नाही. पहिल्यांदाच 'येऊ नका' म्हटलंय. म्हणजे सांगितलंच की त्यांनी."

मामींनी जरा विचार केला. "पहिला टाका 'येऊ नका'चा. पुढच्या त्या खेरीजनं तो उसवला. उसवलेला टाका कापडात कुठे राहतो? आता उरलेलं वाचा."

"तुम्हाला 'येऊ नका' असं सांगितलेलं नसेल तर."

"तर या. बरोबर? आता मला सांगा, या पत्राआधी कुणी तुम्हाला सांगितलं, की येऊ नका?"

"नाही."

"दुसरं पत्र, फोन, निरोप?"

"काहीच नाही."

"मग आपण अगदी नको म्हणून न सांगितलेली माणसं आहोत. सकाळी सातची बस धरू."

मामांनी ते सगळं मनात पुन्हा एकदा जुळवून पाहिलं. कुठेही खिळा ढिला वाटला नाही. लेकीला फोन करून त्यांनी निर्णय सांगितला, आणि कारण म्हणून सदऱ्याच्या बाहीची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली की प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हे तसंच्या तसं सांगेन.

शुक्रवारी सकाळी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात चौदा खुर्च्या होत्या आणि फक्त पाच जण बसले होते. खिडकीमागे एक तरुण कारकून मुलगी यादी घेऊन बसली होती. तिने मामींच्या नावापुढे खूण केली तेव्हा तिचा चेहरा एवढा खुलला, की मामांना वाटलं आपण तिच्या ओळखीचे आहोत. मग आतून डॉक्टरीणबाई येऊन विचारून गेल्या, बाकीचे कुठे आहेत. मुलीने मान हलवली. पंधरा मिनिटांनी त्या पुन्हा आल्या आणि मामींना आत घेऊन गेल्या. मामींनी जाताना पिशवी मामांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, कुठे जाऊ नका. मग थांबून म्हणाल्या, "हे सरळ वाक्य आहे."

मामा बसून राहिले. खिडकीतली मुलगी एकीकडे फोन लावत होती, एकीकडे दाराकडे बघत होती. तिच्यापुढे त्या पत्राची प्रत होती आणि ती ओठ हलवत वाचत होती. मामांना हे बघवेना. ते उठून खिडकीशी गेले.

तिने आपणहूनच सांगायला सुरुवात केली. पत्राचा पहिला मसुदा तिचाच होता, साधा, शुक्रवारी या म्हणून. तो दुसऱ्या टेबलावर गेला. तिथल्या गृहस्थांना वाटलं की ज्यांचं रद्द झालंय तेही येतील, म्हणून त्यांनी एक 'नॉट' घातला. तिसऱ्या टेबलावर कुणाला तरी ते फार तुटक वाटलं, म्हणून 'अनलेस' आला, आणि 'अनलेस'च्या मागून बाकीचे आले. परत तिच्याकडे आलं तेव्हा त्यावर तीन सह्या होत्या. तिला स्वतःलाच ते समजलं नाही, पण तीन सह्यांपुढे विचारायचं कुणाला. आता आठ माणसं घरी बसली होती आणि चूक तिच्या खिडकीशी येणार होती.

"पेन्सिल आहे?" मामांनी विचारलं.

तिने दिली. मामांनी तिच्या पुढ्यातला कागद न फिरवताच, उलट्या बाजूनेच, 'डू नॉट'वरून एक रेघ ओढली आणि समासात शेपटीवाली खूण काढली, मुद्रितात शब्द काढून टाकायला सांगतात ती. मग 'अनलेस'पासून शेवटच्या 'टू'पर्यंत दुसरी रेघ, दुसरी खूण. पूर्णविराम राहिला होता, तो बाण काढून 'फ्रायडे'ला चिकटवला. कागदावर चारच शब्द शिल्लक होते: प्लीज अटेंड ऑन फ्रायडे.

मुलीने ते वाचलं आणि हसली. मग म्हणाली, "पण रद्द झालेल्यांना?"

"त्यांना वेगळं पत्र," मामा म्हणाले. "एका ओळीत दोघांना बसवायला गेलं की असं होतं."

"आजोबा, तुमचं इंग्रजी फार छान आहे."

हे वाक्य मामांनी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं, आणि दर वेळी मान किंचित तिरकी करून ते पुढे सरकत आले होते. या वेळीही मान तिरकी व्हायला निघाली होती.

"मला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. "मी खिळे जुळवायचो छापखान्यात. वाचता येतं, कळत नाही. हे वाक्य बायकोनं सोडवलं. तिलाही येत नाही."

मुलीने खिडकीचं छोटं दार उघडलं आणि म्हणाली, आत येऊन बसा, बाहेर वारा लागतो. तिने त्यांना चहा दिला. यादी दोघांच्या मध्ये ठेवली. ती फोन लावायची आणि मराठीतच सांगायची, मी इस्पितळातून बोलतेय, आज या, हो, आजच, खाल्लं असेल तर दुपारनंतर घेऊ, पत्राचं सोडा. मामा लागलेल्या नंबरापुढे खूण करायचे. आठांपैकी सहा जण लागले. त्यातले एक गृहस्थ सकाळी फाटकापर्यंत येऊन, तिथे पत्र पुन्हा वाचून, घरी परत गेले होते. ते एवढे चिडले होते की मुलीने फोन मामांकडे दिला. मामांनी त्यांना सदऱ्याची बाही समजावून सांगितली. मग ते गृहस्थ निघाले.

दुपारी मामी डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी मामांचा दंड धरून ठेवला होता. एवढा वेळ काय केलंत, असं त्यांनी विचारलं. मामांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी, खिडकीबाहेर बघत, त्या मुलीला काय सांगितलं तेही सांगितलं.

"मग काय म्हणाली ती?"

"काही नाही. साखर किती घालू म्हणाली."

मामींनी दंड जरा घट्ट धरला आणि तशाच डुलकी घेतल्यासारख्या बसून राहिल्या.

शनिवारी सकाळी पट्टी काढायला पुन्हा दोघं गेली. एका लांब, अरुंद खोलीत मामींना खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मामा बाजूच्या स्टुलावर तक्त्याकडे पाठ करून बसले होते. तपासणाऱ्या मुलाने डावा डोळा झाकायला सांगितला आणि वरची ओळ वाचा म्हणाला.

मामी गप्प.

"दिसत नाही का?" मुलाने जरा काळजीनेच विचारलं.

"दिसतंय की. लख्ख दिसतंय. नाव माहीत नाही." त्यांनी तक्त्याकडे नीट पाहिलं. "पहिला कंगवा आहे. तीन दातांचा. दात उजवीकडे."

"ई," मामा म्हणाले.

मुलाने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा तक्त्याकडे.

"मग शिडी. एकच पायरी आहे तिला."

"एच."

"पुढचा मण्यासारखा गोल. पण पूर्ण नाही, उजवीकडे उघडा आहे."

"सी. की आत काही आडवं आहे?"

"थांबा." मामी किंचित पुढे वाकल्या. "आहे. उघड्या तोंडाशी लहानशी आडवी पट्टी आहे."

"मग जी."

मुलाने कागदावर लिहायला सुरुवात केली होती. तो म्हणाला की असं चालत नाही खरं तर, पण पुढची ओळ वाचा. मामी पुढच्या ओळीवर गेल्या, मग त्याच्या खालच्या. अक्षरं बारीक होत गेली आणि त्यांचा आवाज मोठा होत गेला. मामा भिंतीकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून, एकेक नाव देत राहिले, आणि एकही चुकलं नाही.